मावशीचं घर नसलेल्यांचं काय?

मागच्या पावसाळ्यात आमच्या कंपनीत फ्रेशर्सच्या मुलाखती होत्या. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे पॅनेलवर बसावं लागतं. टेस्टिंगच्या मुलाखतीत एक ठरलेला प्रश्न असतो. समोर पेन ठेवायचं आणि विचारायचं, याची चाचणी कशी घ्याल? बहुतेक मुलं क्लासमध्ये पाठ केलेली यादी म्हणून दाखवतात. शाई नीट उतरते का, टोपण घट्ट बसतं का, उंचावरून पडलं तर काय होतं. नांदेडकडच्या एका मुलाने पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, पेनाऐवजी स्कॅनरचं सांगितलं तर चालेल का?"

तो चाकणजवळच्या एका गोदामात रात्रपाळीला पार्सलं स्कॅन करायचा. पुढची दहा मिनिटं तो बोलत होता आणि मी लिहून घेत होते. लेबल पावसात भिजलं तर? एकाच खोक्यावर दोन लेबलं चिकटली असली तर? स्कॅन झाल्याचा आवाज आला पण नोंदच पडली नाही तर? मध्येच बॅटरी गेली, तर ते खोकं मोजलं गेलं की नाही, हे सकाळच्या पाळीवाल्याला कळणार कसं? आणि घाईत एकाच खोक्यावर दोनदा स्कॅनर फिरवला, तर हिशेबात खोकी दोन होतात की एकच राहतं? टेस्टिंग म्हणजे यापेक्षा वेगळं काही नसतं. जिथे गोष्ट बिघडू शकते तिथे आधी जाऊन उभं राहायचं. हे त्याला कुठल्या क्लासने शिकवलेलं नव्हतं.

मग शेजारच्या एचआरवाल्या सहकाऱ्याने त्याचा कागद पाहिला. बारावीला चोपन्न टक्के. पदवीनंतर दोन वर्षांचा गॅप. "गॅप का पडला?"

"घरची अडचण होती," तो म्हणाला. आणि गप्प बसला.

त्या अडचणीचा हिशेब मांडण्यासाठी मी हे लिहिते आहे. गरीब घरातल्या मुलामुलींनी 'स्किल' शिकावं आणि आयटीत यावं, असं आपण गेली वीस-पंचवीस वर्षं म्हणतो आहोत. त्यासाठी योजना निघतात, केंद्रं उघडतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. पण शिकायला लागणाऱ्या त्या वर्षभरात मूल राहणार कुठे, खाणार काय आणि त्याच्या घरी पैसे कोण पाठवणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की खरा अडसर तिथेच आहे. कोर्स मिळतात, हुशारीही कमी नाही. मुलं अडतात ती त्या एका बिनकमाईच्या वर्षापाशी.

मला हे कळतं कारण ते वर्ष मी काढलं आहे. माझं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन. बी.एस्सी. झाले आणि २०११ मध्ये पुण्याला आले. क्लासची फी भरायला दादांनी आडत्याकडून उचल घेतली होती, पुढच्या सोयाबीनवर. गावाकडे माझी गोष्ट आजही सांगतात ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. पोरगी पुण्याला गेली, रात्रंदिवस अभ्यास केला आणि कंपनीत लागली. यातलं खोटं काहीच नाही, फक्त मुख्य पात्र गाळलेलं आहे. ते म्हणजे हडपसरची माझी मावशी.

मावशीचं घर दोन खोल्यांचं. त्यात ती, काका, दोन मुलं आणि चौदा महिने मी. मावशी पहाटे साडेचारला उठून मगरपट्ट्याजवळच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची. त्या पोळ्या आयटीतली मुलंच खायची. परत आली की माझा डबा भरायची. मी रात्री स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकायचे, म्हणजे दिवा चालू ठेवला तरी बाहेरच्या खोलीत कुणाची झोप मोडत नसे. चौदा महिन्यांत तिने एकदाही पैशांचा विषय काढला नाही. 'माय मरो, मावशी जगो' असं आपल्याकडे म्हणतात. मला त्याचा अर्थ त्या ओट्याखाली कळला.

माझ्याबरोबर क्लासला आणखी दोन मुली होत्या. एक बीडची, एक जळगावकडची. दोघी माझ्यापेक्षा चांगला प्रोग्रॅम लिहायच्या. बीडची चौथ्या महिन्यात गावी गेली ती परत आलीच नाही. खोलीचं भाडं थकलं होतं आणि घरच्यांनी लग्न ठरवलं होतं. जळगावची एका कॉल सेंटरला लागली आणि तिचा क्लास सुटला. त्या दोघींना पुण्यात मावशी नव्हती. आमच्या तिघींत फरक होता तो एवढाच. मी जिद्दीची गोष्ट सांगायला लागले की मला त्या दोघी आठवतात आणि पुढे बोलवत नाही.

आता आजचा हिशेब घ्या. पुण्यात नऱ्हे, आंबेगाव, कर्वेनगर भागात मुलं कॉट बेसिसवर राहतात. म्हणजे खोली नाही, खाट भाड्याने घ्यायची. एका खोलीत पाच-सहा खाटा. माझ्याकडे मुलाखतीला येणारी मुलं सांगतात त्यावरून खाटेचे तीन हजार, दोन वेळच्या मेसचे तीन-साडेतीन हजार, बस आणि रिचार्ज धरून महिन्याला किमान आठ हजार लागतात. क्लासची फी साठ हजार धरली तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १०,८००. सेकंडहँड लॅपटॉप वीस हजारांचा. सहा-आठ महिने शिकायचं आणि पुढे चार-सहा महिने मुलाखती देत फिरायचं. वर्षाचा आकडा पावणेदोन लाखांच्या पुढे जातो. आणि याच वर्षात ते मूल गोदामात किंवा डिलिव्हरीला असतं तर त्याने घरी काहीतरी पाठवलं असतं, ते बुडतं ते वेगळंच. घरचा कर्ता आजारी असेल किंवा बहिणीचं लग्न तोंडावर असेल, तर हा हिशेब जुळायचा कसा?

मग मूल काय करतं? आधी दोन वर्षं मिळेल ते काम करून पैसे साठवतं आणि नंतर शिकायला येतं. ते दोन वर्षांचं काम बायोडेटावर 'गॅप' म्हणून दिसतं.

या गरजेवर एक मोठा बाजार उभा राहिला आहे. '१०० टक्के जॉब गॅरंटी'चे फलक डेक्कनपासून वाकडपर्यंत दिसतात. सगळे क्लास वाईट नाहीत. काही ठिकाणी तळमळीने शिकवणारी माणसं आहेत, आणि मलाही अशाच एका सरांनी उभं केलं. पण फी हप्त्याने भरायची सोय म्हणून क्लासच एखाद्या फायनान्स कंपनीशी गाठ घालून देतो आणि मुलाच्या लक्षात येईपर्यंत त्याच्या नावावर कर्ज चढलेलं असतं. क्लास आवडला नाही, मध्येच सोडला, तरी हप्ता चुकत नाही. त्याहून वाईट गोष्ट खोट्या अनुभवाची. माझा क्लास संपत आला तेव्हा तिथल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वीस हजार वेगळे दे, दोन वर्षांचा अनुभव लावून देतो, सॅलरी स्लिपसकट. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "खोट्या कागदावर भाकरी भाजत नाही." मी पैसे दिले नाहीत. दिले त्यांच्यातल्या काहींना नोकऱ्या लागल्याही. पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे जुन्या नोकरीच्या कागदांच्या तपासणीत, कागद पकडले गेले आणि चार-चार वर्षं प्रामाणिकपणे काम केलेली माणसं एका दुपारीत बाहेर पडली. ती मुलं लबाड होती, असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. फ्रेशरला दार बंद ठेवायचं आणि अनुभवी असल्याचा कागद आणला की उघडायचं, असा व्यवहार असेल तर कागद विकणारे उगवणारच.

सरकारी बाजू पाहू. दार उघडण्याचं काम आपल्या राज्याने एकेकाळी चांगलं केलं होतं. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या प्राथमिक कोर्सची केंद्रं तालुक्यातालुक्यात गेली. माउसला माझा पहिला हात औशातल्या अशाच एका केंद्रात लागला. माझ्या पिढीची कॉम्प्युटरची भीती त्या कोर्सने घालवली. आयटीआयमध्ये 'कोपा' हा वर्षभराचा कॉम्प्युटरचा ट्रेड आहे. २०१५ पासून केंद्राची कौशल्य विकास योजना आहे. पुण्यात सी-डॅक ही केंद्र सरकारची संगणक संस्था आहे. देशाचा परम महासंगणक जिथे घडला त्या संस्थेचा पीजी-डॅक हा पदवीनंतरचा कोर्स उद्योगात मानाने पाहिला जातो, आणि माझे कितीतरी सहकारी तिथून आले आहेत. सुमारे सहा महिन्यांत नऊशे तास शिकवणं, फी ९० हजार आणि वर जीएसटी. पण सहा महिन्यांत नऊशे तास म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ग आणि लॅब. त्यासोबत कुठलंही कमाईचं काम करणं शक्य नाही. म्हणजे राज्यातला सर्वांत भरवशाचा कोर्सही त्याच मुलांना झेपतो, ज्यांच्या मागे सहा महिने कुणीतरी उभं आहे.

राहण्या-खाण्याला मदत करणाऱ्या योजनाही आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण या सगळ्यांचा पाया कॉलेजचा नियमित अभ्यासक्रम हाच. पदवी हातात पडली की वसतिगृह सुटतं आणि भत्ता बंद होतो. नोकरीसाठी शिकायची खरी वेळ तिथूनच सुरू होते. बी.ए., बी.एस्सी. करताना राज्य तीन वर्षं सोबत चालतं आणि नेमक्या शेवटच्या नदीकाठी हात सोडतं. पलीकडे पोहायचं ते एकट्याने.

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. लोकांनी तिला 'लाडका भाऊ' असं नाव दिलं. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार, आणि सुरुवातीला मुदत सहा महिने. या योजनेवर टीका करणारे पुष्कळ आहेत, पण मला तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. शिकण्याच्या काळात पैसे दिले पाहिजेत, हे सरकारने तत्त्व म्हणून मान्य केलं. चुकलं ते पुढे. कितीतरी मुलं सरकारी कार्यालयांत आणि शाळांत लागली, कागद लावू लागली, माहिती भरू लागली. मुदत संपल्यावर हातात नवी विद्या नव्हती, म्हणून मुदत वाढवा, कायम करा अशी मागणी घेऊन तीच मुलं आंदोलनाला बसली. एकीकडे प्रशिक्षण आहे तिथे पोटाची सोय नाही आणि दुसरीकडे पोटाची सोय आहे तिथे प्रशिक्षण नाही. ही दोन टोकं एकत्र बांधा, एवढंच मागणं आहे.

आणि हे आपल्याला नवं नाही. शिक्षणाआधी राहण्या-जेवणाची सोय लागते, हे महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, शिंपी, अस्पृश्य अशा समाजांसाठी एकामागून एक वसतिगृहं निघाली आणि कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणू लागले. गावात शाळा नाही म्हणून मुलगा शिकत नाही, एवढाच तो प्रश्न नव्हता. शाळा शहरात आहे आणि शहरात त्याला रात्रीला छप्पर नाही, हा होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, नंतर साताऱ्यात बोर्डिंग चालवलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपल्या अन्नासाठी हाताने कष्ट करत. बोर्डिंगातल्या मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. डोळ्यांत पाणी येतं आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. त्या गोष्टीत धान्याला काय जागा होती, हे विसरून जातो.

"फुकट दिलं की किंमत राहत नाही," असं मला नेहमी ऐकवलं जातं, तेही बहुतेक वेळा ज्यांचं शिक्षण आईवडिलांच्या पैशांवर झालं त्यांच्याकडून. पण मी फुकट द्या असं म्हणतच नाही. 'कमवा आणि शिका' हे आपलंच सूत्र आहे आणि पुणे विद्यापीठात या नावाची योजना कितीतरी वर्षं चालू आहे. ते नोकरीच्या प्रशिक्षणाला लावा. शिकणाऱ्या मुलांना भत्ता द्या आणि बदल्यात खरं काम घ्या, त्यांच्या विद्येशी जोडलेलं. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये धूळ खात पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायला, नेटवर्क उभं करायला माणसं हवी आहेत. सरकारी संकेतस्थळं आणि ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी कुणीतरी मराठीतून, साध्या मोबाइलवर, तालुक्याच्या गावातल्या रेंजवर तपासून पाहायला हवीत. मी टेस्टर आहे म्हणून खात्रीने सांगते, दोनशे मुलं सहा महिने या एका कामाला लावली तर ती मुलंही तयार होतील आणि फॉर्म भरताना रडकुंडीला येणारे लाखो लोकही सुटतील.

हे होऊ शकतं याचे दाखले देशात आहेत. तमिळनाडूतल्या झोहो कंपनीने २००४ मध्ये स्वतःची शाळा काढली. बारावी किंवा पदविका झालेली मुलं घ्यायची, फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन, आणि शिकून झालं की कंपनीतच काम. पदवीची अट नाही. मोठ्या शहराचीही नाही, कारण त्यांचं एक केंद्र तेनकासीसारख्या आडबाजूच्या भागात आहे. विप्रोने १९९५ पासून विज्ञान पदवीधरांना नोकरीत ठेवून पुढचं शिक्षण देण्याचा उपक्रम चालवला, आणि त्यातून आलेले कितीतरी साधे बी.एस्सी. आज मोठ्या पदांवर आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेली नवगुरुकुल ही संस्था तर थेट आपल्या विषयावर काम करते. गरीब घरातल्या मुली, निवासी प्रशिक्षण, राहणं-खाणं आणि लॅपटॉप संस्थेचा. पुण्यातही तिचं काम झालं आहे. वसतिगृह, जेवण आणि प्रोग्रॅमिंग एकाच छपराखाली आलं, म्हणजे शाहू महाराजांची जुनीच गोष्ट नव्या विषयासाठी पुन्हा घडली. फक्त ती काही शेकड्यांत घडून भागणार नाही.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. मुलगा कॉट बेसिसवर राहील, कुणाच्या खोलीत जमिनीवर झोपेल, नाहीतर स्टेशनवर रात्र काढेल. मुलीला घरचे असं पाठवत नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बी.एस्सी. झालेल्या मुलीच्या घरात त्या वर्षी दोन गोष्टी शर्यतीत असतात, कोर्स आणि स्थळ. "यंदा नको, वर्षभर थांबा" असं ती म्हणते तेव्हा बाप पहिला प्रश्न विचारतो, राहणार कुठे? या प्रश्नाला ठाम उत्तर असेल, शिक्का असलेल्या कागदावर वसतिगृहाचं नाव असेल, तर बाप थांबतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या गावातल्या एका मुलीचे वडील केवळ वसतिगृहाच्या रेक्टरबाईंशी फोनवर बोलणं झालं म्हणून तयार झाले. कोर्स कशाचा आहे हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

कंपन्यांनाही यातून सुटता येणार नाही. 'दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के, गॅप एक वर्षापेक्षा जास्त नको' ही चाळणी आमच्या क्षेत्रात इतकी मुरली आहे की ती कुणी आणि का लावली हे विचारायचंही कुणाला सुचत नाही. हजारो अर्ज येतात, कुठेतरी कापावे लागतात, हे मला मान्य आहे. पण बारावीचे चोपन्न टक्के आणि बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीची, नेमकी जागा शोधण्याची नजर यांचा संबंध काय? सतराव्या वर्षी ज्याच्या घरात वीज आणि शांतता होती तो वर राहतो, ज्याच्या घरात नव्हती तो पडतो. आणि गॅपच्या रकान्यात तर आपण गरिबीलाच नापास करतो. तो रकाना हवाच असेल तर त्याचं नाव बदला. 'या काळात काय काम केलंत?' असं विचारा. गोदाम, पेट्रोल पंप, किराणा दुकान, शेतातली मोटर, काहीही असो, त्यातून शहाणपण येतं आणि आम्हाला ते हवं असतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा, कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. पदवीधराला किमान नऊ हजार विद्यावेतन त्या वेळी ठरलं होतं, त्यातला काही वाटा केंद्र सरकारही उचलतं. कारखान्यांत ॲप्रेंटिस हा शब्द आजोबांपासून ठाऊक आहे. टर्नर, फिटर, वेल्डर असेच घडले. आमच्या काचेच्या इमारतींत मात्र तो क्वचित ऐकू येतो, तिथे 'इंटर्न' असतो आणि अनेकदा बिनपगारी. जर्मनीत शिकाऊ मुलाला पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो, आठवड्याचे काही दिवस कंपनीत आणि काही दिवस शाळेत जातात. त्याच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला कुशल माणसं पुरवण्याचा करार महाराष्ट्राने २०२४ मध्ये केला. तिकडे पाठवायला तयारी करतो, तर इकडे हिंजवडीत तीच पद्धत का लावत नाही?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि मी रात्री त्याचा विचार करते. आता आयटीत राहिलंय काय? २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएस या मोठ्या आयटी कंपनीने आपली दोन टक्के माणसं, म्हणजे बारा हजारांच्या वर, कमी करण्याचं जाहीर केलं. फ्रेशर पहिली दोन वर्षं जे काम करून शिकायचा, त्यातलं बरंचसं आता एआय करतं. अशा वेळी गरीब मुलांना या रस्त्याला लावणं म्हणजे त्यांची फसवणूक नाही का?

सहा महिन्यांत जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवून 'लाख रुपये पगार' सांगणं ही फसवणूकच आहे, आणि ती आज राजरोस चालू आहे. पण जिथे कॉम्प्युटर आहे ते सगळंच तंत्रज्ञानाचं काम. रुग्णालयातलं नेटवर्क, साखर कारखान्यातले सेन्सर, बँकेच्या शाखेतलं सपोर्टचं काम, कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर, सायबर सुरक्षा. या कामांना जागेवर माणूस लागतो आणि तो पुण्यातच असला पाहिजे असंही नाही. दुसरं असं, की पहिल्या पायरीवरचं काम कमी झालं तर शिकण्याचा काळ वाढणार. सहा महिन्यांत तयार होणारं मूल आता दीड वर्षात तयार होईल. म्हणजे पोट सांभाळायचे महिने आणखी वाढले. ज्याला मागून आधार आहे तो दीड वर्ष थांबेल. ज्याला नाही तो सहाव्या महिन्यातच गळेल. एआय आलं म्हणून भत्त्याची आणि वसतिगृहाची गरज संपली असं नाही, ती तिप्पट झाली.

तेव्हा मागणं थोडक्यात सांगते. पदवीनंतर दीड वर्षापर्यंत मान्यताप्राप्त तंत्रप्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना स्वाधार आणि निर्वाह भत्त्यात घ्या. प्रशिक्षणाच्या फीवरचा जीएसटी निदान कमी उत्पन्नाच्या घरांसाठी माफ करा. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथे प्रशिक्षणार्थींसाठी वेगळी वसतिगृहं उभारा, त्यात निम्म्याहून जास्त जागा मुलींच्या. आणि प्रशिक्षण केंद्रांना पैसे देताना किती प्रमाणपत्रं वाटली हे मोजू नका, वर्षभरानंतर किती मुलं कामावर टिकून आहेत ते मोजा. पैसे कुठून येणार असं कुणी विचारेल. बोर्डिंगच्या धान्याचे पैसेही कुठूनतरी आणावेच लागले होते.

त्या नांदेडच्या मुलाचं सांगायचं राहिलं. मी अपवाद करण्यासाठी वर लिहिलं, माझ्या मॅनेजरनेही लिहिलं. परवानगी यायला तीन आठवडे लागले. आली तेव्हा त्याचा फोन लागेना. आठ दिवसांनी त्याचाच फोन आला, दुसऱ्या कुणाच्या नंबरवरून. रिचार्ज संपला होता. त्याला सांगितलं, घेतलंय तुला, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला जॉइन व्हायचं, पहिला पगार त्याच्या पुढच्या महिन्याच्या शेवटी. तो काही क्षण बोललाच नाही. मागे गोदामातला पट्टा चालल्याचा आवाज येत होता.

मग त्याने विचारलं, "मॅडम, पहिला पगार होईपर्यंत इथली रात्रपाळी चालू ठेवली तर कंपनीला चालेल का?"